पडद्याचा पासंग



बाजारच्या दिवशी तुम्ही मिरचीचे गाठोडे घेऊन तराजूपुढे उभे राहता, तेव्हा व्यापाऱ्याने वजन टाकण्याआधी तुमची नजर कुठे जाते? काट्यावर. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा सरळ उभा आहे की नाही, हे आपण आधी पाहतो. नसेल तर हलक्या पारड्याला चिंचोका म्हणा, खडा म्हणा, काहीतरी बांधून तो सारखा करून घेतो. त्यालाच आपण पासंग म्हणतो. पासंग न काढता केलेले वजन कितीही सावकाश करा, दहा वेळा करा, ते चुकायचेच. हे तुम्हांला सांगायला कुणा कृषी अधिकाऱ्याची गरज नाही. पण एवढी साधी गोष्ट एका कृषी विस्तार अधिकाऱ्याच्याच ध्यानात राहिली नाही, आणि त्याची झळ एका बाईच्या भुईमुगाला लागली. ती हकीकत आज सांगतो. तो अधिकारी म्हणजे मीच.

गोष्ट २०२२ सालच्या उन्हाळ्यातली. आमच्याकडे कृष्णाकाठच्या काळ्या रानांत चुनखडी भरपूर. अशा रानात उन्हाळी भुईमूग महिन्याचा झाला की पुष्कळदा पिवळा पडतो. जमिनीत लोह नसते असे नाही, पण चुनखडीमुळे ते पिकाच्या मुळांना उचलता येत नाही. हा पिवळेपणा आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसतो. पानाचा मधला भाग पिवळा होतो, पण शिरा मात्र हिरव्या राहतात. जाळीदार नक्षी काढल्यासारखे पान दिसते. नत्र कमी पडले तरीही पीक पिवळे पडते, पण त्याची तऱ्हा निराळी. तो पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, आणि शिरांसकट सगळे पान फिकट होते.

दोन्ही पिवळेच, पण औषध वेगळे. एकाला नत्राचे खत लागते, तर दुसऱ्याला हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी. १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस, आणि सोबत थोडे सायट्रिक आम्ल. लोहाच्या पिवळेपणावर युरिया टाकून वर भरमसाट पाणी दिले, तर चुनखडीच्या रानात दुखणे उलट वाढते.

हा फरक घरोघरी कळावा म्हणून मी एक घडीपत्रिका करायला घेतली. फोटो मीच शेतात जाऊन मोबाइलवर काढले होते. डावीकडे नत्राच्या कमतरतेचे पान, खाली खताच्या गोणीचे लहानसे चित्र. उजवीकडे लोहाच्या कमतरतेचे पान, खाली पाठीवरच्या पंपाचे चित्र. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही कळावे, हा हेतू.

फोटो संगणकावर घेतले. माझ्या टेबलावरचा पडदा विकत आणला तेव्हापासून जसा होता तसाच चालू होता. त्याचा उजेड अगदी टोकाला लावलेला, आणि पांढऱ्या रंगात निळसर झाक. आम्हांला ती झाक कधी दिसलीच नाही, कारण रोज तेच पाहत होतो. त्या पडद्यावर फोटो मला फार उजळ आणि थंड वाटले. मग मी त्यांचा उजेड दोन घरे खाली आणला, आणि निळेपणा मारायला थोडी पिवळी छटा वाढवली. पडद्यावर पान कसे झकास दिसू लागले! हिरव्या शिरा उठून आल्या. समाधानाने फाइल छापखान्यात पाठवली. हजार प्रती आल्या. गठ्ठे सोडून वाटण्याच्या घाईत मी वरवर एक पाहिली. जरा काळपट वाटली, पण म्हटले, स्वस्त कागद आहे, चालायचेच.

मार्चमध्ये शिवारफेरीला एका वस्तीवर गेलो. तिथल्या आक्का एकट्या दीड एकराचा भुईमूग करीत होत्या. मालक वारलेले, मुलगा पुण्याला कारखान्यात. रानात पाऊल टाकले आणि माझ्या पोटात गोळा आला. शेंडे पिवळेधमक, काही तर पांढरे पडू लागलेले, आणि सऱ्यांत पाणी तुंबलेले.

“आक्का, काय टाकलंत याला?”

“तुमीच सांगितल्यालं टाकलं की. युरिया. बारा दिस झालं. पानी बी सोडलं मस्त.”

मी म्हटले, मी युरिया सांगितला नव्हता. आक्का काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आणि देव्हाऱ्यामागे लग्नपत्रिकांच्या चळतीत जपून ठेवलेली माझी घडीपत्रिका घेऊन आल्या. ओट्यावर ती उलगडली. शेंड्याचे एक पान खुडून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, मला वाचाया येत न्हाई, पर चितार कळतंय. ह्यातलं माझं पान कुठलं, तेवढं बोट ठिवून दावा.”

मी पाहू लागलो. डावे पान मळकट पिवळे. उजवे पानही मळकट पिवळे. ज्या हिरव्या शिरांसाठी सारा खटाटोप केला होता, त्या छपाईत पार बुडून गेल्या होत्या. दोन्ही चित्रांत कणाचाही फरक उरला नव्हता. फोटो काढणारा मी, पत्रिका लिहिणारा मी, आणि मलाच बोट ठेवता येईना.

“दोन्ही सारकीच दिसली,” आक्का म्हणाल्या, “म्हून मग पैलं धरलं. त्येच्याखाली गोन हाय.”

वाचकहो, नोकरीत मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. पण त्या दिवशी कुणी काही न बोलता जेवढे लागले, तेवढे कधी लागले नाही. वाचता येणारा माणूस चित्र फसले तरी खालचा मजकूर वाचून सावरतो. ज्याला अक्षर येत नाही, त्याला चित्र हेच अक्षर. त्याच्यापुढे मी खोटे अक्षर ठेवले होते.

पाणी तोडले, हिराकशीची फवारणी करवली, आठ-दहा दिवसांनी दुसरी दिली. नवी पालवी हिरवी आली. पण आऱ्या धरायच्या ऐन वेळी गेलेले दिवस काही परत आले नाहीत. त्या साली आक्कांना दर वर्षापेक्षा तीन पोती शेंग कमी झाली.

मी तडक छापखान्यात गेलो, भांडायलाच. तिथल्या मुलाने शांतपणे माझी फाइल त्याच्या पडद्यावर उघडली. पाहतो तो काय, तिथे ती छापील कागदासारखीच दिसत होती. काळपट आणि मळकट. “साहेब, तुम्ही धाडलं तेच आम्ही छापलं,” तो म्हणाला. “तुमच्या पडद्याचं कॅलिब्रेशन केलंय का कधी?”

कॅलिब्रेशन! हा शब्द ऐकून मला स्वतःचेच हसू आले, आणि लाजही वाटली. कॅलिब्रेशन म्हणजे मापात आणणे. पंचवीस वर्षे मी गावोगाव दुसरे काय सांगत होतो? औषध घालण्याआधी पंपात नुसते पाणी भरा, एका मिनिटात नोझलमधून किती पाणी पडते ते मोजा, आपल्या चालीने किती रान भिजते ते पाहा, मग औषधाचा हिशेब करा. पेरणीयंत्र रानात घालण्याआधी उचलून धरा, चाक फिरवा, नळीतून पडणारे बी पिशवीत धरून तोला. अवजार मापात असल्याशिवाय रानात घालू नका, असे जगाला सांगणारा मी. आणि माझे स्वतःचे अवजार, तो पडदा, मी कधी मापात आहे का म्हणून पाहिला नव्हता.

तालुक्याला एक फोटो स्टुडिओ आहे. आता तो तिथली लेक चालवते. मुलगी हुशार. तिच्याकडे हे मोजायचे यंत्र आहे असे कळले. दुसऱ्या दिवशी मी पडदा गोधडीत गुंडाळला, मोटारसायकलवर मागे बांधला आणि तिच्या दारात हजर झालो. ती हसायलाच लागली.

“काका, पडदा इथं आणून उपयोग नाही. तो जिथं बसतो, ज्या संगणकाला जोडलेला असतो आणि ज्या उजेडात तुम्ही त्याच्याकडे बघता, तिथंच त्याचं माप घ्यायचं. गोधडी सोडा, मीच येते.”

ती आली. तिने जे दाखवले ते तुम्हांला समजेल अशा बोलीत सांगतो. आता गावोगाव मुलेमुली संगणकावर फोटोची, बॅनरची, पत्रिकांची कामे करतात, त्यांना तर हे उपयोगी पडेलच.

पहिली गोष्ट तिने सांगितली ती अशी. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतोच. असतात नुसते आकडे. प्रत्येक ठिपक्याला तीन: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येकाचे माप ० ते २५५. हे आकडे पडद्याला मिळतात, आणि पडदा आपल्या कुवतीने व सवयीने ते उजळून दाखवतो. एकाच आकड्याचे पान एका पडद्यावर पोपटी दिसेल, तर दुसऱ्यावर शेवाळी. आपल्याकडे बिघा म्हणतात तसे. बिघा प्रत्येक मुलखात निराळा. कुणी नुसते “चार बिघे” सांगितले तर जमीन किती ते कळत नाही. एकर-गुंठ्यांत सांगितले की सगळ्यांना एकच कळते. तसा प्रत्येक पडद्याचा बिघा किती गुंठ्यांचा, हे सांगणारा एक कोष्टक-कागद संगणकात ठेवावा लागतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. सगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांची ही भाषा समजावीत, म्हणून १९९३ साली आंतरराष्ट्रीय रंग संघटना स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या कोष्टकाला आयसीसी प्रोफाइल म्हणतात.

दुसरी गोष्ट, पडदा आणि कागद यांची जातच वेगळी. पडदा स्वतः उजेड टाकतो, दिव्यासारखा. तांबडा, हिरवा, निळा असे तीन उजेड पूर्ण पेटवले की पांढरा होतो. कागद स्वतः उजळत नाही. त्याच्यावर पडलेला उजेड तो परत पाठवतो, आणि वरची शाई त्यातला काही खाते. छापखान्याच्या शाया चार: आकाशी निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. त्यामुळे पडद्यावरचा लखलखीत पोपटी कागदावर जसाच्या तसा कधी उतरायचा नाही. दोन्ही तंतोतंत सारखे करता येतील, ही आशा आधी सोडायची. मात्र पडद्याने खोटी आशा दाखवू नये, एवढे आपल्या हाती असते.

मग तिने मोजणी सुरू केली. आधी अर्धा तास पडदा नुसता चालू ठेवला. बैल जुंपल्याबरोबर सरळ चालत नाही, तसा पडदाही तापून स्थिर झाल्यावरच मोजायचा. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून होती, आणि मावळतीचे ऊन थेट पडद्यावर यायचे. टेबल फिरवायला लावले. मग पालीएवढे एक यंत्र तिने पडद्याच्या मध्यावर टेकवले. पडद्यावर एकामागून एक रंगांचे चौकोन येत गेले. पांढरा, करडा, काळा, तांबडा, हिरवा. यंत्र प्रत्येक मोजत होते. सगळे दहा मिनिटांत आटोपले.

तीन मापे महत्त्वाची, ती म्हणाली. पहिले उजेडाचे. हे कँडेलात मोजतात. छपाईच्या कामाला पडद्याचा उजेड दर चौरस मीटरला साधारण ८० ते १२० कँडेला ठेवतात. माझा निघाला ३०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिप्पट! माझे दुखणे तिथेच कळले. पडदा प्रमाणाबाहेर उजळ, म्हणून मला फोटो प्रमाणाबाहेर उजळ वाटले. मी ते काळे केले, आणि कागदाने तो काळेपणा इमानाने दाखवला.

दुसरे माप पांढऱ्याचे. पांढरा म्हणजे कुठला पांढरा? दुधाचाही पांढरा, आणि नीळ दिलेल्या धोतराचाही पांढराच. हे केल्विनमध्ये मोजतात. आकडा कमी तर झाक पिवळी, जास्त तर निळी. पडद्याला ६५०० ठेवायची पद्धत आहे. तो साधारण दिवसाचा उजेड. माझा पडदा ९३०० च्या घरात होता, म्हणजे नीळ अंमळ जास्तच झालेली. ती मारायला मी फोटोत पिवळा ओतला. तो पिवळा शिरांच्या हिरव्यावर चढला, आणि शिरा गेल्या.

तिसरे माप मधल्या छटांचे. पांढरा पांढरा असला आणि काळा काळा असला, तरी मधल्या करड्या पायऱ्या सारख्या अंतराने उतरतात की नाही, ते यात पाहायचे. त्याला गॅमा म्हणतात, आणि तो २.२ ठेवतात.

तिने तिन्ही जागच्या जागी आणली, प्रोफाइल बसवले, आणि माझी जुनी फाइल उघडली. मी पाहिले, आणि मान खाली घातली. आक्कांच्या ओट्यावर पाहिलेले तेच दोन मळकट चौकोन आता माझ्या पडद्यावर होते. पडदा पहिल्यांदा खरे बोलत होता.

नवा उजेड मला पहिल्यांदा फार मंद वाटला. दिवे गेल्यासारखे झाले. ती म्हणाली, “काका, दहा मिनिटं कळ काढा.” आणि खरेच, दहा मिनिटांत डोळा रुळला. हीच डोळ्याची गंमत आहे, आणि धोकाही हाच. निळ्या ताडपत्रीखाली आपण कांदा निवडायला बसतो. घटकाभराने सगळे निळे आहे याची जाणीवही राहत नाही. बाहेर उन्हात आलो की कळते. डोळा जे समोर असेल त्याला पांढरे मानून मोकळा होतो. त्यातून माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यातले भिंगही वयाने पिवळसर होत जाते. तेव्हा “मला दिसतंय ना” या बोलण्याला रंगाच्या कामात किंमत नाही. वजन हाताने अजमावण्यासारखेच ते.

तुमच्या घरी मुलगा किंवा सून संगणकावर छपाईची कामे करीत असेल आणि यंत्र नसेल, तरी एवढे करता येते. संगणक सुरू करून अर्धा तास जाऊ द्यावा. रात्री डोळ्यांना बरे वाटावे म्हणून पडदा पिवळा करणारी सोय, आणि उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय, दोन्ही बंद कराव्यात. पडद्यावर ऊन किंवा दिव्याचा झोत पडू देऊ नये. पडद्याच्या मेनूत रंगांचे प्रकार असतात, त्यांतला भडक किंवा थंड न घेता ६५०० किंवा एसआरजीबी असे लिहिलेला घ्यावा. एसआरजीबी हे १९९६ साली ठरलेले रंगांचे सर्वसाधारण माप आहे. विंडोजच्या संगणकात रंग जुळवण्याची एक साधी सोय फुकट असते. ती करड्या पट्ट्या दाखवून एकेक गोष्ट जुळवून घेते. करडा अगदी करडाच दिसला पाहिजे, गुलाबी नाही की हिरवट नाही.

मग ज्या कागदावर छापायचे त्याचाच एक कोरा ताव पडद्याशेजारी धरावा. खिडकीतला दिवसाचा उजेड त्यावर पडू द्यावा, थेट ऊन मात्र नको. पडद्यावर एक पांढरे पान उघडून पडद्याचा उजेड असा कमी करत आणावा, की दोन्ही पांढरे जवळजवळ सारखे दिसतील. हा गरिबाचा पासंग. यंत्राइतका बिनचूक नाही, पण माझ्यासारखी हजार प्रतींची फजिती टळेल. आणि हे एकदा करून भागत नाही. पडदा जुना होत जातो तसा बदलतो. स्टुडिओतली मुलगी दर महिन्याला यंत्र लावते.

शेवटी, हजार प्रतींआधी एक प्रत. त्याच यंत्रावर, त्याच कागदावर. ती पाहायची कुठे, हे मला खरे तर घरातच कळायला हवे होते. आपल्या घरातल्या बायका साडी घ्यायला जातात, तेव्हा दुकानातल्या दिव्याखाली रंग पसंत करीत नाहीत. पदर हातात घेऊन दुकानाच्या दारात येतात, दिवसाच्या उजेडात उलटून पाहतात, आणि मग हो म्हणतात. छापलेला रंगही तसाच दारात आणून पाहायचा. छपाईच्या धंद्यात तर त्यासाठी ५००० केल्विनचा उजेडच ठरवून दिलेला आहे.

कुणी म्हणेल, रंगाची एवढी काय मिजास? चित्र म्हणजे शोभा! नव्हे मंडळी. आपल्या धंद्यात रंग हे माप आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा तिरपा चौकोन आठवा. खालचा त्रिकोण तांबडा तर अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. तिथला रंग चुकला तर माणूस जाईल. भातपट्ट्यात नोकरीला असताना मी पान-रंग-तक्ता वापरीत असे. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो प्रमाणित केला. फिकट ते गडद अशा हिरव्या पट्ट्यांची ती प्लॅस्टिकची फूटपट्टीच. भाताचे पान त्यावर ठेवून नत्र हवे की नको ते ठरवायचे. त्याचा नियमच असा, की पान आपल्या अंगाच्या सावलीत धरायचे, दर वेळी एकाच माणसाने आणि शक्यतो एकाच वेळी पाहायचे. तो तक्ता मोबाइलवरून छापून घेतला तर चालेल का, असे मला एकाने विचारले होते. तेव्हा मी नुसतेच नाही म्हणालो होतो. आता कारण सांगू शकतो.

याच बेताने तुम्हीही मोबाइलवर पिकाचे फोटो पाठवता, त्याबद्दल दोन शब्द. रोज मला असे फोटो येतात. पान झाडाखाली धरून काढले तर हिरवट येते, निळ्या कागदाच्या मांडवात काढले तर निळसर, संध्याकाळच्या उन्हात काढले तर केशरी. पानामागे एक साधा पांढरा कागद धरा. तो फोटोत पांढरा आला नाही, तर पानाचा रंगही खरा नाही, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. सकाळी, आपल्या सावलीत, फ्लॅश न लावता फोटो काढा. शेंड्याचे एक पान, बुडाचे एक पान आणि सबंध झाड, असे तीन पाठवा. आणि रात्री मोबाइल पिवळ्या उजेडावर ठेवून कुणी पाठवलेला रोगाचा फोटो पाहाल, तर तुमचे निरोगी पानही तुम्हांला आजारी दिसेल. औषधाला धावू नका. सकाळी पुन्हा पाहा.

घरातल्या फोटोंचेही तेच. वडिलांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असतो. मोबाइलचा उजेड टोकाला लावून आपण तो पाहतो, आवडतो, आणि छापून आला की चेहरा काळवंडलेला. मग स्टुडिओवाल्याला बोल लावतो. आधी उजेड निम्म्यावर आणून पाहा, आणि मोठ्या प्रतीआधी एक लहान प्रत मागा.

असो. माझ्या पत्रिकेचे काय झाले ते सांगून संपवतो. उरलेल्या प्रती मी रद्दीत घातल्या, आणि वाटलेल्या जेवढ्या मिळाल्या तेवढ्या परत गोळा केल्या. फोटो नव्याने काढले, मापातल्या पडद्यावर पाहिले, आणि पहिल्या इतके हात न लावता ठेवले. शिवाय सगळा भार रंगावर टाकला नाही. प्रत्येक फोटोशेजारी शाईने पानाची आकृती काढली. लोहाच्या पानात शिरा ठळक, नत्राच्या पानात सगळे पान सारखे. बाजूला सबंध झाड काढून, दुखणे शेंड्याला की बुडाला, ते बाण काढून दाखवले. रंग कुणाच्या डोळ्याला नीट दिसत नसेल, कागद जुना होऊन विटला असेल, तरी आकृती फसवणार नाही.

झालेल्या नुकसानीची मी आक्कांपाशी गोष्ट काढली, तेव्हा त्या म्हणाल्या, “पैसं नगंत भाऊसाहेब. फुडल्या टायमाला आदी मला दावा, मग छापा.”

तसेच केले. नव्या पत्रिकेची एकच प्रत काढून आणली, सकाळी नऊ वाजता त्यांच्या ओट्यावर ठेवली, आणि बांधावरून लोहाच्या कमतरतेचे एक पान आणून शेजारी मांडले. मी काही बोललो नाही. आक्कांनी पान उचलले, एकदा या चित्रावर ठेवले, एकदा त्या. मग उजव्या चित्रावर बोट टेकवून म्हणाल्या, “ह्यो. खाली पंप हाय.”

त्यानंतरच मी छापखान्याला होकार कळवला. तेव्हापासून माझ्या हातून जे काही छापून जाते, त्याची पहिली प्रत आधी वाचता न येणाऱ्या एका तरी माणसापुढे जाते. तुमच्यापैकी कुणाकडे २०२२ सालची ती जुनी, काळपट पत्रिका अजून देव्हाऱ्यामागे असेल, तर कृपा करून चुलीत घाला. आणि पिकाचा पिवळेपणा ओळखता येत नसेल, तर फोटोवर विसंबू नका. शेंड्याचे एक आणि बुडाचे एक पान ओल्या फडक्यात गुंडाळून आपल्या कृषी अधिकाऱ्याकडे घेऊन या.